सीमेवरचा लिंक्स दोनदा मोजला जातो, त्याचं काय करायचं?

करवंद: युरोपातल्या स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया या शेजारी देशांच्या जंगलांत तेच लिंक्स (ठिपकेवाली मोठी रानमांजरं) फिरतात. एका नराचा वावर शेकडो चौरस किलोमीटर असू शकतो, म्हणजे तो दोन्हीकडच्या कॅमेरा ट्रॅपमध्ये (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) येणारच. दोन देशांचे आकडे नुसते जोडले तर बेरीज फुगते. त्यात बऱ्याच फोटोंत एकच बाजू दिसते. मग मोजायचं कसं?

ठिपकेवाला: कुठला लिंक्स कुठला ते अंगावरच्या ठिपक्यांवरून ओळखतात. पण डाव्या-उजव्या बाजूचे ठिपके वेगळे असतात, एकीवरून दुसरी ओळखता येत नाही. म्हणून वाटेच्या दोन्ही कडांना कॅमेरे लावायचे, गुडघ्याच्या उंचीवर. पेंचला वाघांसाठी लावतात तसेच. पण नाकासमोर नाक नको, जरा तिरके. नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याचा फोटो पांढराफटक करतो. फ्लॅश पांढराच घ्या. इन्फ्रारेडमध्ये चालत्या जनावराचे ठिपके फराटे होऊन येतात.

एकाच बाजूचे फोटो असले तर हिशेब असा. समजा ९ लिंक्स दोन्ही बाजूंनी ओळखले, ४ फक्त डावीकडून, ३ फक्त उजवीकडून. किमान संख्या १३, १६ नव्हे. ते ३ त्या ४ मधलेच असू शकतात.

शिवेवरचा: बरोबर, पण हा हिशेब दोन्ही देशांचे फोटो एका यादीत आणल्यावरच करायची. आधी आपापला करून मग बेरीज केली की मूळ घोळ परत आलाच. वर्ष १ मे ते ३० एप्रिल धरायचं: पिल्लं मे-जूनमध्ये होतात आणि हिवाळाभर आईमागे असतात, जानेवारीत वर्ष बदललं तर एकच वीण दोन वर्षांत मोडते. पिल्लांचा आकडा वेगळा ठेवा. आणि तिकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, तरी कॅमेऱ्यांच्या घड्याळांत बारमाही हिवाळी वेळच ठेवा. ही बारीक गोष्ट हमखास राहते.

रेशीमगाठ: नुसत्या संख्येवर थांबू नका. इथले बहुतेक लिंक्स १९७३ मध्ये स्लोव्हाकियातून आणून स्लोव्हेनियातल्या कोचेव्येला सोडलेल्या सहा जनावरांचे वंशज. आपसांतल्या विणीने वंश पार कमजोर झाला. म्हणून 'लाइफ लिंक्स' प्रकल्पात स्लोव्हाकिया आणि रोमानियातून नवे लिंक्स आणले. त्यांचं रक्त सीमेपलीकडे पोचलं का, हे डीएनएच सांगणार.

त्यासाठी लिंक्सचे केस मुळासकट गोळा करा. कागदी पाकिटात, सिलिका जेलसोबत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि नमुना वाया जातो. दोन प्रयोगशाळा असतील तर काही नमुने दोन्हीकडे पाठवा. जनावर ओळखायला मायक्रोसॅटेलाइटची (डीएनएमधले पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे) लांबी मोजतात; ती यंत्रागणिक थोडी वेगळी येते, आणि ती जुळवून घेतली नाही तर एकाच लिंक्सचे कागदावर दोन होतात.

करवंद: म्हणजे फोटोतला घोळ प्रयोगशाळेतल्या नळीतही आहेच! आभार.