मदत हवी आहे: बोटीची मोटर सुरू होते, वेग दिला की बंद पडते (ओपनर शनिवारी!)

तळ्याकाठी (मंगळवार, रात्री ८:५०)
मंडळी, घाईत लिहितोय. उत्तर मिनेसोटा, शनिवारी वॉलाय माशाचा ओपनर, म्हणजे हंगामाचा पहिला दिवस. मोटर दुसऱ्या हिसक्याला सुरू होते, धक्क्याजवळ छान चालते. तळ्यात जाऊन वेग दिला की दोनेक मिनिटांत आचके देते आणि बंद. जरा थांबून ओढली की परत सुरू, परत तेच. प्लग नवे घातलेत. दुरुस्तीवाल्याकडे जूनच्या आधी नंबर लागत नाही. कार्ब्युरेटर उघडू का? उघडायचा तर कोणता किट मागवू?

अण्णा_ब्रेनर्ड (मंगळवार, रात्री ९:०५)
उघडा, निःशंक उघडा. हिवाळ्यात पेट्रोल आत राहिलं की त्याची चिक्की होते. खालची वाटी काढा, मेन जेट (वेगासाठी पेट्रोल सोडणारा) आणि पायलट जेट (सावकाश चालण्यासाठीचा) दोन्ही सोडवा, क्लीनर मारा, हवा मारा. क्लीनर मारायच्या आधी रबरी ओ-रिंग काढून ठेवा, नाहीतर फुगतात आणि परत बसत नाहीत. भोकात सुई किंवा स्टीलची तार घालू नका, पितळी जेटचं भोक मोठं होतं. जाड नायलॉनची गळाची दोरी घाला, ती तर तुमच्या डब्यात असेलच.

टॉर्करेंच (मंगळवार, रात्री ९:२०)
थांबा, पाना खाली ठेवा. आधी माहिती द्या:
मोटर किती हॉर्सपॉवरची, टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक, कोणत्या सालची? कार्ब्युरेटर आहे हे नक्की, की इंजेक्शन? टाकी बोटीतली पक्की की बाहेरची उचलायची? पेट्रोल कधीचं? आणि सगळ्यात महत्त्वाचं: बंद पडते त्या क्षणी नळीवरचा प्रायमर बल्ब (हाताने दाबून पेट्रोल चढवायचा रबरी फुगा) कसा असतो? कडक, लिबलिबीत की चपटा?

अण्णा, पायलट जेट तुंबला असता तर ती धक्क्याजवळ सावकाश चाललीच नसती, चोक ओढून धरावा लागला असता. मेन जेट तुंबला असता तर वेग देताक्षणी गुदमरली असती, दोन मिनिटं थांबली नसती. आधी नीट चालून मग मरते म्हणजे येणारं पेट्रोल खर्चापेक्षा कमी आहे. दोष नळीच्या वाटेत शोधा.

अण्णा_ब्रेनर्ड (मंगळवार, रात्री ९:३१)
किंवा फ्युएल पंपाचा पडदा फाटलाय. तो मोटरवरच असतो, नळीत नाही.

टॉर्करेंच (मंगळवार, रात्री ९:३४)
असू शकेल. म्हणूनच बल्ब विचारला.

अँपिअर (मंगळवार, रात्री ९:५२)
या पेट्रोलच्या कटकटी हव्यात कशाला? १२ व्होल्टची ५५ पौंड थ्रस्टची (ढकलण्याच्या जोराची) ट्रोलिंग मोटर, म्हणजे बॅटरीवरची छोटी मोटर, लावा. बोटीच्या भरल्या वजनाच्या दर १०० पौंडाला २ पौंड थ्रस्ट, हा साधा हिशोब. पूर्ण वेगात ती साधारण ५० अँपिअर ओढते, म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीवर दोन तास, हळू चाललात तर दिवसभर. शिशाच्या बॅटरीचं जेवढं वजन, त्याच्या निम्म्याहून कमी. ६ गेजची तार, बॅटरीजवळ ६० अँपिअरचा ब्रेकर. काम फत्ते.

अण्णा_ब्रेनर्ड (मंगळवार, रात्री १०:०१)
मे महिन्यात उत्तरेकडच्या मोठ्या तळ्यावर वारा समोरून आला की दोन तासांची बॅटरी तुम्हाला कुठे नेऊन सोडेल ते बघा. आणि ती लिथियम शून्य सेल्सियसच्या खाली चार्ज करायची नसते. रात्री गॅरेजमध्ये किती तापमान असतं तुमच्याकडे? ट्रोलिंग मोटर मासा धरायला उत्तम, घरी परतायला नाही.

तळ्याकाठी (मंगळवार, रात्री १०:४०)
९.९, फोर स्ट्रोक, कार्ब्युरेटरच, २०१३. कंपनी सांगत नाही, नाहीतर इथे लगेच कंपन्यांची कुस्ती सुरू होईल. टाकी बाहेरची, लाल प्लास्टिकची, ६ गॅलन. पेट्रोल ताजं, नॉन-ऑक्सिजनेटेड (बिनइथेनॉलचं) ९१ ऑक्टेन भरलंय. बल्बमध्ये काय बघायचं असतं?
@अँपिअर, ट्रोलिंग मोटर आहे हो, पुढे बसवलेली. प्रश्न तो नाही.

भीमाकाठ (बुधवार, सकाळी ७:१०)
पेट्रोल चांगलं भरलंत. आमच्याकडे पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाला बसतं. टाकीच्या तळाचं थोडं काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर पाणी आहे, टाकी पूर्ण रिकामी करा. उजनीत जुन्या आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या मोटरी) चालवणारे हेच आधी बघतात.

टॉर्करेंच (बुधवार, सकाळी ७:२५)
बाटलीची परीक्षा करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. पण पाणी असतं तर धक्क्याजवळही तिने कुरकुर केली असती.

आता बल्ब. मोटरला पाणी असताना, म्हणजे बोट तळ्यात किंवा मोटर पिंपात बुडवून चालवा. कोरडी चालवू नका, काही सेकंदांत इम्पेलरची (मोटर थंड ठेवणारं पाणी ओढणाऱ्या चक्राची) पाती जळतात. बोट बांधलेली ठेवा, गिअर टाकून वेग द्या आणि दुसऱ्या माणसाला बल्बवर हात ठेवायला सांगा.

बल्ब चपटा पडत गेला: अडथळा बल्बच्या आधी, म्हणजे टाकीच्या बाजूला.
बल्ब गोलच पण मऊ, आणि मरायच्या वेळी दाबत राहिलात की मोटर परत उचलते: फ्युएल पंप कमी पडतोय किंवा कुठून तरी हवा शिरतेय. इथे अण्णांचा पडदा.
बल्ब कडक आणि तरी मरते: पेट्रोल पोचतंय, मग कार्ब्युरेटर उघडा.

बल्बवरचा बाण मोटरकडे आहे ना, तेही बघा. आणि झाकणाचं काय? जुन्या टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो, तो बंद राहिला की टाकीत निर्वात होतो आणि नेमकं हेच लक्षण दिसतं.

तळ्याकाठी (बुधवार, सकाळी ७:५०)
झाकणावर स्क्रू नाहीच. साधं घट्ट फिरवायचं झाकण. संध्याकाळी बघून सांगतो.

टॉर्करेंच (बुधवार, सकाळी ८:१५)
मग टाकी २०११ नंतरची. अमेरिकेत त्या सालापासून वाफ बाहेर सोडणाऱ्या बाहेरच्या टाक्या विकता येत नाहीत. ही झाकणं हवा आपोआप आत घेतात, पण आतली वाफ साधारण ५ पीएसआय दाब होईपर्यंत सोडत नाहीत. म्हणून उन्हात टाकी भोपळ्यासारखी फुगते. तो दाब मोटरमध्ये ढकलला जाऊ नये म्हणून नळीवर टाकी आणि बल्ब यांच्यामध्ये फ्युएल डिमांड व्हॉल्व्ह असतो. मोटरने ओढलं तरच तो उघडतो. हा अडकला की बल्ब चपटा.
संध्याकाळी एकदा झाकण अर्धा फेरा सैल करून चालवा, एकदा घट्ट करून. फरक पडला तर झाकण दोषी, नाही पडला तर पुढे सरका.

खवय्या (बुधवार, दुपारी १:३०)
मोटर होईल हो दुरुस्त. वॉलायचं कालवण करता की रवा लावून तळता? नॉर्दर्न पाईक माशात काटे फार म्हणून टाकून देतात म्हणे लोक?

मिनेसोटाची_मावशी (बुधवार, दुपारी २:०५)
पाईक टाकून देणारे वेडे. पाठीच्या मांसात वाय आकाराच्या काट्यांची रांग असते. आधी पाठीवरचा तुकडा वरून सोडवायचा, मग दोन्ही बाजू काट्यांच्या रांगेला सुरी टेकवून उतरवायच्या आणि शेवटी शेपटीकडचे दोन, एकूण पाच तुकडे बिनकाट्याचे. कालवणाला पाईकच चांगला, मांस घट्ट राहतं. वॉलाय नाजूक, तो तळायचा. रवा आणि तांदळाचं पीठ निम्मंनिम्मं, मासा आधी पुसून अगदी कोरडा करा. गालांचं मांस टाकू नका.

तळ्याकाठी (बुधवार, रात्री ८:२०)
बल्ब चपटा पडतो. झाकण सैल करूनही चपटाच. बाटलीत पाणी नाही. तो व्हॉल्व्ह म्हणजे टाकीच्या कनेक्टरजवळची काळी डबी का? आता काढू का ती?

अण्णा_ब्रेनर्ड (बुधवार, रात्री ८:३५)
चपटा म्हणता? मग पंपाचा दोष नाही. पण नळीही बघा. इथेनॉलने नळीचं आतलं अस्तर सुटतं आणि ओढ लागली की पडद्यासारखं मिटतं. बाहेरून नळी अगदी नवी दिसते.

टॉर्करेंच (बुधवार, रात्री ८:५०)
हो, तीच डबी. एकेक गोष्ट वगळत जा, सगळं एकदम सोडवू नका. मोकळ्या हवेत, काडी-सिगरेट लांब, टाकी बोटीतून उतरवून जमिनीवर ठेवा.

१) मोटरकडचं टोक काढा. कनेक्टरमधली पिन बोथट काडीने दाबून बरणीत धरा आणि बल्ब दाबा. भरघोस धार यायला हवी आणि सोडल्यावर बल्ब लगेच फुगायला हवा. तो हळूहळू फुगला तर अडथळा मागे आहे, हे पुन्हा पक्कं.
२) डबीच्या दोन्ही बाजूंचे क्लॅम्प सोडवा, डबी काढा, तेवढ्यापुरता पितळी जोड घालून नळी सरळ जोडा. जोड नळीच्या आतल्या मापाचा घ्या, ५/१६ किंवा ३/८ इंच. परत बरणी.
३) तरीही हळू असेल तर टाकीवरचं फिटिंग उघडा. त्याच्या खाली ओढनळी असते, टोकाला बारीक जाळी. ती धुवा.
४) तेही स्वच्छ निघालं तर अण्णांचं अस्तर. नळी बल्बसकट बदला.

अँपिअर (बुधवार, रात्री ९:१५)
एवढ्या वेळात दोन बॅटऱ्या चार्ज झाल्या असत्या.

जिगजिग (बुधवार, रात्री ११:००)
धाग्यातच विचारतो. ओपनरला दोरी किती घ्यावी? माझ्याकडे २० पौंडांची ब्रेड (विणलेली दोरी) आहे.

मिनेसोटाची_मावशी (गुरुवार, सकाळी ६:४०)
वॉलायला २० जाड. १० पौंडांची ब्रेड, पुढे ६ ते ८ पौंडांचा फ्लुरोकार्बनचा धागा तीनेक फूट. पावणेसात-सात फुटांची मीडियम-लाइट, फास्ट टोकाची काठी, २५०० मापाचं रीळ. पाणी अजून गार, म्हणून १/८ औंसाचा जिग (वजन जोडलेला गळ), वारा असला तर १/४, वर शायनर (आमिषाचा छोटा मासा). तळाला टेकवून सावकाश उचला, झटके नकोत. चावा जाणवत नाही, दोरी नुसती जड लागते.
तळ्यावरून निघताना बोटीचा ड्रेन प्लग काढायचा आणि रस्त्यात तसाच उघडा ठेवायचा, इथे कायदा आहे, नाहीतर साठल्या पाण्यातून झेब्रा शिंपले (उपद्रवी परके शिंपले) पसरतात. आमिष घरी न्यायचं तर तळ्याचं पाणी ओतून देऊन घरून आणलेलं पाणी घाला.

तळ्याकाठी (गुरुवार, रात्री ७:४५)
डबी काढून पितळी जोड घातला. बल्ब गोल, टणक. पूर्ण वेगात वीस मिनिटं चालली, एक आचका नाही. डबी फुंकून बघितली तर हवाच जात नाही. मग आता असंच राहू देऊ ना?

टॉर्करेंच (गुरुवार, रात्री ८:००)
शनिवारपुरतं चालेल, कायमचं नको. डबी नसताना उन्हात फुगलेली टाकी पेट्रोल मोटरमध्ये ढकलते. कार्ब्युरेटरच्या तरंगत्या सुईला तो दाब पेलत नाही. पेट्रोल वर येतं, सिलिंडरमधून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून नवी डबी येईपर्यंत: नळी जोडायच्या आधी झाकण उघडून दाब सोडा, टाकी सावलीत ठेवा आणि बोट थांबली की मोटरकडचा कनेक्टर काढून ठेवा. सकाळी डिपस्टिक हुंगा. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वर चढली असेल तर ऑइल बदलल्याशिवाय चालवू नका.
नवी डबी बसवताना तिच्यावरचा बाणही मोटरकडे. उलटी बसली तर परत इथेच धागा काढाल. आणि स्टेनलेसचे क्लॅम्प घ्या, प्लास्टिकच्या पट्ट्या थंडीत तडकतात.

अण्णा_ब्रेनर्ड (गुरुवार, रात्री ८:१०)
हातासरशी प्रॉप (मोटरचा पंखा) काढून शाफ्टवर गळाची दोरी गुंडाळली गेलीय का बघा. ती सील कापते आणि गिअरमध्ये पाणी शिरतं. खालचा स्क्रू थोडा सैल करा. ऑइल दुधाळ आलं तर सील बदला. भरताना खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, आणि दोन्ही स्क्रूंना नवे वॉशर.
आणि कार्ब्युरेटर तरी एकदा धुऊन घ्याच.

टॉर्करेंच (गुरुवार, रात्री ८:१२)
ओपनर झाल्यावर, अण्णा.

खवय्या (गुरुवार, रात्री ९:३०)
रवा बारीक की जाड?