विषय: नाताळची केबिन – हॉट टब लाकडाचा की लाइटचा?

प्रेषक: जुळे सोलापूर (सध्या खरोखरच जुळे सोलापुरात)

इंग्लंडातल्या सोलापूरकर मंडळींना नमस्कार,

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, गच्चीवर गादी टाकून लिहितोय, कारण खाली पंखा नुसती गरम हवा फिरवतोय. दुपारी 43 होतं. टाकीचं पाणी संध्याकाळी सातला पण चटका देतंय आणि मी बसलोय इंग्लंडातली हॉट टबवाली (म्हणजे बाहेर गरम पाण्यात बसायचा मोठा टब असलेली) केबिन शोधत. आई म्हणाली, ऊन लागलंय तुला.

पण नाताळच्या आठवड्याचं आत्ताच बुक केलं नाही तर मग उरलंसुरलं मिळतं, मागच्या वेळी भोगलंय आपण ते. तीन घरं मिळून मोठे 9 (आई-बाबा धरून, ते डिसेंबरात येणारेत) आणि पोरं 4. मला नॉर्थम्बरलंडमधली कील्डरच्या बाजूची एक केबिन आवडलीये, तो भाग 2013 पासून डार्क स्काय पार्क आहे, म्हणजे रात्री आकाश असलं काळंभोर की बाबांना त्यांच्या लहानपणीच्या गच्चीवरचं आठवेल. टब लाकडावर तापणारा, फोटोत मस्त वाफ निघतीये. कुणाची हरकत नसेल तर रविवारी डिपॉझिट भरून टाकतो.

प्रेषक: बाळीवेस

थांब बे, भरू नको. वाफेचा फोटो बघूनच आम्ही पण फसलो होतो गेल्या फेब्रुवारीत. केबिनचं नाव घेत नाही, जागा सुंदर होती. पोचलो पाचला, अंधार पडत होता, टबात नळाचं बर्फगार पाणी आणि शेजारी लाकडांची पोती, ती पण ओलसर. आपल्याकडचा बंब आठव, आणि तो बंब हजार लिटरचा आहे असं समज. मी आणि मेहुणा आलटून पालटून फुंकर मारतोय, डोळ्यातून पाणी, साडेतीन तास गेले, वरचं पाणी कढत आणि खाली पाय टेकवले की गार, मग वल्ह्यासारख्या फळीनं ढवळत बसायचं. तोवर पोरं झोपून पण गेली. आमच्यात बंब पेटवता येणारी फक्त सासूबाई, त्या आल्या आणि दहा मिनिटात जाळ केला, ते वेगळं.

खरी गंमत पुढं. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ, तिसऱ्या दिवशी धाकट्याच्या पोटावर लाल पुरळ, नेमकं चड्डीच्या कापडाखाली. डॉक्टर म्हणाले, टबाच्या पाण्यातल्या जंतूंमुळं होतं असं. मग वाचत बसलो तर कळलं की लाकडावरच्या बऱ्याच टबांना फिल्टरच नसतो. म्हणून मालकाला आधी हे विचार की पाणी दर पाहुण्यानंतर पूर्ण सोडून टब घासून नव्यानं भरतात का, का नुसतं क्लोरीन मारून पुढं ढकलतात. इथल्या एचएसई या सरकारी खात्याचं 2017 चं मार्गदर्शन आहे, एचएसजी 282 नावाचं, भाड्यानं देणाऱ्यांनी काय करायचं ते त्यात लिहिलंय. त्याचं नुसतं नाव काढ, ज्याला माहिती असेल तो लगेच सरळ उत्तर देतो आणि ज्याला नसेल तो व्ह्यूबद्दल बोलायला लागतो.

प्रेषक: होटगी रोड

मी फार्मसीत असते म्हणून माझ्याकडूनच येणार हे, रागावू नका. क्लोरीन लिटरला 3 ते 5 मिलिग्रॅम आणि पीएच 7 ते 7.6 च्या मधे पाहिजे, चाचणीच्या पट्ट्या मी आणते, स्वस्त असतात. लिजिओनेला नावाचा जंतू 20 ते 45 डिग्रीत वाढतो आणि टबाचं पाणी नेमकं त्यातच असतं, बुडबुड्यांच्या तुषारातून तो श्वासात जातो, म्हणून काका-काकूंच्या वयाला जास्त जपायचं. 40 च्या वर पाणी नको. बीपीच्या गोळ्या असल्या तर दहा मिनिटं बास, आणि उठताना हळू, चक्कर येते. शुगरमुळं पाय बधीर असतील तर आधी दुसऱ्या कुणीतरी पाणी बघायचं. पाच वर्षांखालच्या पोरांना टबात सोडायचंच नाही, म्हणजे आपल्या चारातली दोन कटाप. वाइन नंतर, टबात नाही.

आणि कृपा करून कुणी डोक्याला खोबरेल चोपडून उतरू नका. आधी साबणानं आंघोळ. तेलानं फेस होतो, फिल्टर बसतो आणि क्लोरीन त्या तेलावरच खर्ची पडतं. दिवाळीचं अभ्यंग नाही ते.

प्रेषक: खजिनदार

टब असला की भाडं वाढतं आणि टब वापरणार निम्मेच, तर हिशोब घरटी करायचा का डोकी मोजून? टॉवेल बऱ्याच ठिकाणी टबासाठी वेगळे देत नाहीत, ते पण बघा.

प्रेषक: जुळे सोलापूर

उशीर झाला उत्तराला, काल पाच दिवसांनी पाणी आलं, पहाटे उठून टाकी भरण्यात सकाळ गेली. कील्डरवाल्याला विचारलं, तो म्हणाला पाणी “गरजेप्रमाणे” बदलतो आणि पुढं दोन परिच्छेद सूर्यास्तावर. कटाप.

दुसरी मिळालीये, पीक डिस्ट्रिक्टमधे एका शेतावर. टब लाइटवरचा, 38 वर ठेवतात, दर पाहुण्यानंतर रिकामा करून घासून भरतात, नोंदवही दाखवायला तयार. दारापर्यंत डांबरी रस्ता, खालच्या मजल्यावर एक बेडरूम आणि बाथरूम, म्हणजे बाबांचा गुडघा सुटला. आकाश कील्डरइतकं काळं नसणार, बाबा थोडे नाराज आहेत.

आईला कौतुकानं सांगितलं की बघ, दर वेळी सगळं पाणी बदलतात. तिनं विचारलं किती असतं. म्हणलं हजार-बाराशे लिटर. ती उठून गच्चीवरच्या आपल्या टाकीकडं बघायला लागली, ती हजारचीच आहे आणि त्यात आम्ही उजनीचं पाणी पुरवून पुरवून वापरतो. “म्हणजे ओतून दिलं नाही तर मी बसायचं नाही, आणि ओतून देतात म्हणलं तर माझ्यानं बसवणार नाही.” यावर माझ्याकडं उत्तर नाही. शेवटी ती काठावर बसून नुसते पाय सोडणार असं ठरलंय.

खजिनदार, केबिन घरटी, टबाचा जादा भाग डोकी मोजून, आईचं अर्धं डोकं धरा. टॉवेल मी इथून आणतो, सोलापूरचा माणूस इंग्लंडात टॉवेल विकत घेणार का ओ, चादरीसारखंच आपल्या टॉवेलला पण जीआय (भौगोलिक मानांकन) आहे. आई म्हणते पांढरेच घे, क्लोरीननं रंग उडतो. फक्त 13 टॉवेल घेतले तर बॅगेत शेंगाचटणी बसत नाही. उद्यापर्यंत कळवा.

प्रेषक: बाळीवेस

चटणी. टॉवेल काकूंच्या बॅगेत डिसेंबरला येऊ दे की.