अनुभव धागा: शिकवलेलं महिन्याभराने किती उरतं?

फार्मसी कॉलेजात शिकवणारे, दुकानात ट्रेनी सांभाळणारे नाशिककर, लिहा. मुलांच्या लक्षात किती राहतं, शिकायची ओढ किती टिकते, कसं तपासता? किती प्रश्न, किती दिवसांनी, कुठे फसतं, सगळं नेमकं लिहा.

गंगापूर रोड, बी. फार्म., फार्माकॉलॉजी
जाहीर तारखेच्या चाचणीत आदल्या रात्रीची घोकंपट्टी मोजली जाते. युनिटच्या आधी, युनिट संपताच आणि चार आठवड्यांनी न सांगता, अशी तीनदा घ्या. 15 प्रश्न, 12 मिनिटं. तेच प्रश्न पुन्हा दिले तर 'उत्तर क होतं' एवढंच आठवतं, म्हणून मुद्दा तोच ठेवून रुग्ण बदला. आधी विचारा, वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) कोणत्या जीवनसत्त्वाच्या आड येतं. नंतर विचारा, वॉरफरिनवरचा रुग्ण रोज पालक-मेथी खायला लागला, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) चढेल की उतरेल? पहिलं पटकन येतं, दुसऱ्याला वर्ग शांत होतो. खरी परीक्षा तीच.

पेपर तपासल्यावर गुणांनुसार वरचे आणि खालचे 27 टक्के वेगळे काढा, 60 च्या वर्गात 16-16. एखादा प्रश्न वरच्यांत 5 जणांना आणि खालच्यांत 9 जणांना आला, तर आधी प्रश्न तपासा: वाक्य दुअर्थी असतं, नाहीतर उत्तरसूची चुकलेली असते. तो वगळून सरासरी काढा. तुलना तिन्ही चाचण्या दिलेल्यांचीच करा. द्राक्षांच्या हंगामात निफाड-दिंडोरीकडची बाकं रिकामी असली की आकडा फसवतो.

नाशिक रोड, डी. फार्म.
पर्याय न देता विचारा. एक्झिट परीक्षेच्या (डी. फार्म. नंतर फार्मासिस्ट म्हणून नोंदणीसाठीची) तयारीत पर्याय बघून ओळखायची सवय लागते, आणि काउंटरवर पर्याय नसतात. मूल 12 किलोचं, पॅरासिटामॉल किलोला 15 मिग्रॅ, म्हणजे 180 मिग्रॅ. समोर दोन बाटल्या ठेवा: 5 मिलीत 125 मिग्रॅची आणि 250 ची. पहिलीतून 7.2 मिली, दुसरीतून 3.6. गुणाकार बहुतेकांना जमतो, लेबल वाचायचं राहतं आणि डोस दुप्पट होतो. हे दर महिन्याला वजन बदलून घ्याच.

पंचवटी, बी. फार्म.
हजेरीवरून ओढ मोजू नका. अंतर्गत 25 गुणांत 4 हजेरीचे आहेत, मुलं त्यासाठीही बसतात. प्रश्नावलीवर नाव नको, पण ती चाचणीच्या गुणांशी जुळायला हवी. म्हणून दोन्हींवर एकच खूण लिहायला सांगा: आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि जन्मतारखेचा दिवस. दोघांची खूण सारखी निघाली तर गावाचं अक्षर जोडा. 'मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून आलो' हा पर्याय ठेवाच, नाहीतर सगळेच 'रुग्णसेवा' लिहितात. निकालाच्या आठवड्यात मात्र भरून घेऊ नका, तेव्हा निकालाचाच राग-आनंद कागदावर उतरतो.

सीबीएसजवळ, दुकान
ट्रेनीला तीन आठवड्यांनी एच-1 रजिस्टरची (काही ठरावीक अँटिबायोटिक, झोपेच्या वगैरे औषधांच्या विक्रीची वेगळी वही) नोंद न बघता करायला लावा. औषध आणि नग बरोबर येतात, डॉक्टरांचं नाव-पत्ता राहतो. रजिस्टर 3 वर्षं जपायचं असतं, त्यामुळे ही सवय पहिल्या महिन्यातच लागली पाहिजे.