‘टु फेल्युअर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : कोथरूडच्या आमच्या व्यायामशाळेत पायांच्या व्यायामाचा मराठी तक्ता लावायचा आहे. सभासदांत साठी उलटलेले बरेच जण आहेत. स्क्वॉट, लेग प्रेस, लेग कर्ल ही नावं तशीच ठेवतोय, ती सगळ्यांच्या तोंडी बसली आहेत. अडलंय ते ‘टु फेल्युअर’पाशी, म्हणजे आणखी एकदाही जमेना तोवर करत राहणं. एकाने ‘अपयशापर्यंत’ सुचवलं, ते वाचवत नाही. ‘दमेपर्यंत’ चालेल का?

प्रतिसाद : ‘दमेपर्यंत’ नको. दम लागतो तो श्वासाला. भराभर बैठका मारल्या की धाप लागून माणूस थांबतो, मांडीत जोर तसाच उरलेला असतो. लेग एक्स्टेन्शनवर, म्हणजे बसून गुडघा सरळ करायच्या मशिनवर, याच्या उलट होतं: श्वास ठीक असतो, पण पाय थरथरत अर्ध्यावर अडकतो आणि कितीही रेटा, वर जात नाही. फेल्युअर म्हणजे हे दुसरं.

आणि तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे की! ‘वाचवत नाही’ हे शक्य क्रियापद आहे. ‘मला उठता येत नाही’ म्हटलं तर कारण काहीही असेल, पायाला प्लास्टरसुद्धा. ‘मला उठवत नाही’ म्हटलं की अंगातलं बळ सरलंय, हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून ‘उठवेनासं होईपर्यंत’ लिहा. आजीलाही कळेल.

प्रतिसाद : शब्द फार आवडला, पण सरसकट सगळ्या व्यायामांपुढे लिहू नका. मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून कळकळीने सांगते. खांद्यावर बार घेतलेल्या माणसाला उठवेनासं होण्याच्या आधीच त्याची ढब बिघडते: कंबर गोलाकार होते, गुडघे आत वळतात, टाचा सुटतात. तिथेच थांबायचं. स्क्वॉट आणि डेडलिफ्टपुढे (जमिनीवरून बार उचलायचा व्यायाम) ‘ढब बिघडण्याआधी थांबा, एक-दोन आवर्तनं शिल्लक ठेवा’ असं लिहा. ‘शिल्लक’ शब्द पुरेसा आहे, ‘रिप्स इन रिझर्व्ह’ची गरज नाही. शिवाय एक-दोन शिल्लक ठेवली तरी स्नायू जवळपास तेवढाच वाढतो आणि ताकद वाढायला तर शेवटच्या टोकापर्यंत जावंच लागत नाही. साठीच्या मंडळींना हे आवर्जून सांगा.

लेग कर्ल, लेग एक्स्टेन्शन या मशिनींवर मात्र ‘-वेनासं’ शोभतं, कारण पाय अडकला तरी अंगावर काही कोसळत नाही. लेग कर्ल वगळू नका. हॅमस्ट्रिंगचे, म्हणजे मांडीच्या मागचे, बहुतेक स्नायू खुबा आणि गुडघा दोन्ही सांध्यांवरून जातात, त्यामुळे स्क्वॉटमध्ये त्यांची लांबी फारशी बदलत नाही आणि मांडीची मागची बाजू मागेच राहते.

प्रतिसाद : पोटरीचंही लिहा. उभ्याने टाचा उचलल्या तर वरची मोठी पोटरीही काम करते, गुडघे वाकवून बसून उचलल्या तर मुख्यतः तिच्याखालचा सोलियस हा स्नायू.

प्रश्नकर्ता : सगळ्यांचे आभार. तक्त्यात लेग कर्लपुढे ‘शेवटच्या सेटला पाय दुमडवेनासा होईपर्यंत’ लिहितोय. ‘दुमडवेनासा’ की ‘दुमडवेनासं’?

प्रतिसाद : पाय पुल्लिंगी, म्हणून ‘दुमडवेनासा’. टाच असेल तर ‘उचलवेनाशी’. लेग प्रेसला ‘वजन ढकलवेनासं’, पण तिथे आधी मशिनीचे अडसर लावायला सांगा.