पृथ्वी पाडली तेव्हा अर्धा वर्ग हसला, अर्धा गप्प बसला : विनोदी विज्ञान कादंबरी वर्गात वाचावी का?

इंग्रजीचा_मास्तर

नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहून राहिलो, पण पूर्ण वाचा आणि मग बोला.

मी इथे नागपुरात एका कॉलेजात बीएच्या दुसऱ्या वर्षाला इंग्रजी शिकवतो. यावर्षी सिलॅबसच्या बाहेरचं एक पुस्तक वर्गात मोठ्याने वाचायला घेतलं, डग्लस अ‍ॅडम्सचं 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी'. 1978 ला बीबीसी रेडिओवर मालिका म्हणून आलं, 1979 ला त्याची कादंबरी झाली. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी सुरुवात सांगतो. आर्थर डेंट नावाचा साधा माणूस सकाळी उठतो तर दारात बुलडोझर, कारण घरावरून बायपास जायचा आहे. नकाशे म्हणे ऑफिसात लावले होते, पण कुठे तर तळघरात, वापरात नसलेल्या संडासात, कुलूपबंद कपाटाच्या तळाशी, आणि दारावर पाटी की बिबट्यापासून सावध राहा. आर्थर बुलडोझरपुढे चिखलात आडवा पडतो. त्याच दिवशी व्होगॉन नावाची परग्रहावरची मंडळी आकाशात येतात आणि सांगतात की अंतराळातल्या हायवेच्या मधात तुमची पृथ्वी येते, पाडायची आहे, नकाशे पन्नास वर्षांपासून अल्फा सेंटॉरी या ताऱ्याकडच्या ऑफिसात लावलेले होते, हरकत घ्यायची तर तेव्हाच घ्यायची होती. आणि पाडून टाकतात.

सहा तास वाचलं. सातव्या तासाला म्हटलं की आज मी बोलणार नाही, प्रत्येकाने दोन मिनिटं आपल्याला काय वाटलं ते सांगायचं, मराठीत सांगा, वऱ्हाडीत सांगा, काहीही चालेल. एक पोरगा बुलडोझरच्या प्रसंगावर इतका हसला की त्याला बोलताच येईना. एकाने विचारलं की सर, तो बिबट्या खरंच होता का तिथे (2021 मध्ये आपल्या शहरात बिबट्या फिरला होता, पोरांच्या तो लक्षात आहे). एमपीएससीची तयारी करणारी एक मुलगी 42 च्या भागावर भरभरून बोलली, म्हणजे कॉम्प्युटर 75 लाख वर्षं विचार करून आयुष्याचं उत्तर 42 देतो आणि मग कळतं की प्रश्नच कोणाला माहीत नाही. ती म्हणाली, आम्ही अभ्यासिकेत दिवसभर हेच करून राहिलो, उत्तरं पाठ आहेत.

मग एक मुलगी उठली, वर्षभरात कधी बोलली नव्हती. म्हणाली, "सर, मले हसू नाही आलं. आमचं जुनं गाव धरणात गेलं. आजोबा सांगतात नोटीस लागली होती म्हणे, पण वाचता कोणाले येत होती."

वर्ग एकदम शांत झाला. मी तो तास आणि पुढचाही तास त्याच बोलण्याला दिला. स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले की तुम्ही चांगल्या विनोदाचा खून केला. मला तसं अजिबात वाटत नाही. मला वाटतं ज्या मुलीला हसू आलं नाही तिने ते पुस्तक हसणाऱ्यांइतकंच नीट वाचलं, आणि वर्गात दोघांना जागा पाहिजे. म्हणूनच असं पुस्तक शिकवलं पाहिजे. तुमचं काय मत आहे?

मानेवाड्याचे_काका

सर, राग मानू नका पण आठ तास म्हणजे जवळपास दोन आठवडे झाले. माझी मुलगी बीएला आहे, दुसऱ्या कॉलेजात, तिचा पोर्शन ऑक्टोबरपर्यंत पुरा होत नाही आणि मग आम्ही नोट्ससाठी झेरॉक्सच्या दुकानांत फिरतो. जे परीक्षेत येणार नाही ते कॉलेज सुटल्यावर वाचा ना, ज्याला थांबायचं तो थांबेल. सगळ्यांना बसवून ठेवायचं काहून? गावाकडून बसने येणारी पोरं असतात, त्यांचा एकेक तास मोलाचा असतो.

हसणारा_तो_मीच

सर मी तुमच्याच वर्गातला आहे, तुम्ही ओळखलंच असेल. मला एक सांगायचं आहे जे वर्गात सांगता नाही आलं. ती बोलली त्यानंतर मला इतकं वाईट वाटलं की मी दोन दिवस कॉलेजलाच आलो नाही. मी तिच्या गावावर थोडीच हसलो होतो, मी हसलो त्या ऑफिसरवर जो आर्थरला म्हणते की नकाशे तर लावले होते ना. आमच्या घरासमोरच्या रस्त्याचं काम सुरू झालं तेव्हा माझे बाबा पण असेच तीन ऑफिस फिरले होते आणि प्रत्येक जण म्हणे की पेपरात जाहिरात आली होती, तुम्ही पाहिली नाही त्याला आम्ही काय करू. मला हसू त्याच्यामुळे आलं, की लंडनच्या माणसाला हे कसं काय माहीत बा! पण ती बोलल्यावर सगळे माझ्याकडे असे पाहून राहिले होते की जसं काही मीच बुलडोझर चालवला. दोघांना जागा पाहिजे म्हणता तर मला पण द्यायला पाहिजे होती सर.

फिजिक्सच्या_मॅडम

मी फिजिक्स शिकवते, म्हणून माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. आमच्या डिपार्टमेंटमध्ये हे पुस्तक म्हणजे नुसता टाइमपास, त्यात सायन्स कुठे आहे, असं म्हणणारे खूप आहेत. माझं म्हणणं की त्या अल्फा सेंटॉरीच्या एका वाक्यातच आहे, नीट बघा. ते आपल्या जवळच्या ताऱ्यांपैकी आहे आणि तरी साधारण 4.37 प्रकाशवर्षं लांब. प्रकाशालाच तिथे पोचायला चार वर्षांवर लागतात. व्हॉयेजर 1 सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने जातं, 1977 ला सोडलेलं, ते यान त्या बाजूला निघालं असतं तर 75 हजार वर्षांच्या आसपास लागली असती. आणि हरकत घ्यायची मुदत पन्नास वर्षं! हे आकडे फळ्यावर मांडले की पोरं आपोआप हसतात आणि त्यांना अंतर किती आहे हे जन्मभर लक्षात राहतं, जे नुसती व्याख्या पाठ करून कधी राहत नाही.

दुसरं उदाहरण चहाचं. त्या पुस्तकातलं अशक्य वाटणारं इंजिन सुरू होतं ते गरम चहाच्या कपातल्या ब्राउनियन मोशनवरून. रॉबर्ट ब्राउनने 1827 ला पाण्यात परागातले कण थरथरताना पाहिले, आइन्स्टाइनने 1905 ला त्याचं गणित मांडलं, आणि अणू-रेणू खरंच असतात हे लोकांना पटायला त्याची मोठी मदत झाली. मी तो उतारा बीएससीच्या मुलांना वाचून दाखवते आणि मगच शिकवायला घेते. तर मानेवाड्याचे काका, आठ तास वाया गेले असं मला नाही वाटत.

पण मास्तर, एक प्रामाणिकपणे विचारते, तुमच्या वर्गात हे अंतर कोणी समजावून सांगितलं का? कारण ते न कळता नुसता 'नकाशे लावले होते' एवढाच विनोद पोचला असेल तर अर्धं पुस्तक राहिलं.

वऱ्हाडी_बाणा

मले तं वेगळंच वाटते. सर म्हणतात अर्धे हसले अर्धे नाही हसले. त्या नाही हसलेल्यांत किती जणांले इंग्रजीच समजलं नसन ते मोजलं का? मी स्वतः झेडपीच्या शाळेतून आलो, बीएले असताना आमचे सर जोक वाचत, पुढच्या दोन बाकांवरचे हसत आणि आम्ही त्यांच्याकडे पाहून हसत होतो. समजलं काहीच नाही. त्या माणसाची इंग्रजी साधी नाही, एकेक वाक्य पाच ओळींचं असते आणि जोक शेवटच्या शब्दात. तुम्ही म्हणता वऱ्हाडीत बोला, पण वाचलं तं इंग्रजीतच ना. त्या व्होगॉनची घोषणा वऱ्हाडीत करून वाचा एकदा, "ऐका हो पृथ्वीवाल्यांनो, तुमचं घर रस्त्यात येऊन राह्यलं" अशी, मंग कोण हसते अन् कोण नाही हे खरं समजन. तोपर्यंत 'वर्गाची प्रतिक्रिया' म्हणू नका, ती पुढच्या दोन बाकांची प्रतिक्रिया आहे.

जुनी_वाचनालयवाली

मला मूळ निवडच पटत नाही. जयंत नारळीकरांनी 1974 ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही गोष्ट नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, का तर आपलं नाव बघून कोणी बक्षीस देऊ नये. आणि बक्षीस मिळालं. अशा माणसाच्या गोष्टी आपल्या भाषेत असताना नागपूरच्या पोरांनी इंग्रजी बायपासची कथा का वाचायची? भाषेचा जो प्रश्न वऱ्हाडी_बाणा यांनी काढला तोही मग राहत नाही.

वऱ्हाडी_बाणा

ताई, नारळीकर मले पण आवडतात, पण त्यांच्या गोष्टीत पोट धरून हसायला येते का सांगा. मराठीत विज्ञानकथा आदराने वाचायची गोष्ट होऊन बसली. मी इंग्रजी पुस्तकाले नाही म्हटलंच नाही, ते पोरांच्या बोलीत उतरवा म्हटलं.

निवृत्त_बाई_धंतोली

मी चौतीस वर्षं मराठी शिकवली, आता घरी असते. मास्तर, तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही, तरी तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि अर्धं त्याहून गंभीर आहे.

अर्धं बरोबर यासाठी की त्या मुलाने वर लिहिलंच आहे. पुढच्या वेळी हसण्याआधी सगळा वर्ग एकमेकांची तोंडं पाहील. हसू एकदा दबलं की विनोदी लेखक वर्गात परत आणता येत नाही, हे मी स्वतः पाहिलेलं आहे, एका वर्षी एका धड्यावर मी पोरांना हसण्याबद्दल रागावले आणि मग पूर्ण वर्ष तो वर्ग माझ्यासमोर हसला नाही. त्याचा मला आजही पश्चात्ताप होतो.

गंभीर यासाठी की तुम्ही त्या मुलीचं काय केलं याचा विचार करा. ती एक वाक्य बोलली. तिला कदाचित तेवढंच बोलायचं होतं. तुम्ही त्यावर दोन तास चर्चा घेतली. आता ती त्या वर्गात 'धरणात गाव गेलेली' म्हणून ओळखली जाणार, कॅन्टीनमध्ये, बसस्टॉपवर, सगळीकडे. आपल्या विदर्भात हे नवीन नाही, गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन 1988 ला झालं, त्या पाण्याखाली गावं गेली, पुनर्वसनातून आलेली मुलं माझ्याही वर्गात होती आणि त्यातली बहुतेक गावाचं नाव विचारलं की नवीन वसाहतीचं नाव सांगत, जुन्याचं नाही. का सांगत नसतील?

पुस्तक जरूर शिकवा. पण त्या मुलीचं वाक्य हा तुमच्या धड्याचा मुद्दा नव्हता.

इंग्रजीचा_मास्तर

सगळं दोनदा वाचलं. एकेकाला उत्तर देतो.

काका, पोर्शनचं तुमचं बरोबर आहे, मी शनिवारी जास्तीचे तास घेऊन भरून काढून राहिलो, आणि बसची वेळ पाहूनच घेतो. मॅडम, अंतराचं नाही सांगितलं, मला स्वतःला 'चार प्रकाशवर्षं' याच्या पलीकडे माहीत नव्हतं. तुम्ही एक तास घ्याल का आमच्या पोरांचा? खरंच विचारतो आहे. वऱ्हाडी_बाणा, तुमचं मान्य, घोषणेचा उतारा पोरांनाच वऱ्हाडीत करायला देतो.

हसणाऱ्या माझ्या पोरा, मी त्या दिवशी तुझ्याकडे पाहायला पाहिजे होतं, नाही पाहिलं. तू त्या ऑफिसरवर हसला आणि ती मुलगी त्याच ऑफिसरमुळे हसली नाही, हे तू बोलला असतास तर आमची सगळी चर्चाच दुसरी झाली असती. बुधवारी बोल. तुझ्या बाबांचं सांगायचं नसेल तर नको सांगू, पण तू कोणावर हसला ते सांग.

बाई, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू नाही शकलो. एका ठिकाणी तरी मी वाद घालणार, तिचं वाक्य त्या पुस्तकाबद्दलच होतं, पुस्तकाच्या बाहेरचं नव्हतं, आणि ते ऐकून पुढच्या पानावर गेलो असतो तर मी पण तसाच माणूस ठरलो असतो जो नोटीस लावून मोकळा होतो. पण दोन तास जास्त होते. आणि तिला विचारलं नाही, हे खरं आहे. वर्गात बोलली म्हणजे बोलायचं आहे असं मी धरून चाललो.

निवृत्त_बाई_धंतोली

वाक्य पुस्तकाबद्दलचं होतं हे मी मान्य करते, तिथे मी जास्त बोलले. पण आता वऱ्हाडीत उतारा करायचं काम तिलाच देऊ नका, तुमच्या मनात ते येणार हे मला माहीत आहे. आणि तिच्याशी बोलायचं असेल तर वर्ग सुटल्यावर व्हरांड्यात बोला, बाकीच्यांसमोर नको.

इंग्रजीचा_मास्तर

आलं होतं मनात बाई. नाही देत. लायब्ररीत शुक्रवारी दिसते ती, तेव्हा बोलतो.

हसणारा_तो_मीच

सर बुधवारी येतो मी. उताऱ्याचं काम मला द्या, व्होगॉनचा आवाज मला चांगला जमते.