गाडीच्या टिंकरिंगच्या (पत्रा दुरुस्तीच्या) नावाखाली फक्त पुट्टी भरलेली निघाली. गॅरेजकडे दाद कशी मागावी?

प्रश्न (साखळी)

नमस्कार. माझ्याकडे २०१२ सालची पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि गेली सहा वर्षे साखळी ते पणजी हा माझा नोकरीचा रोजचा प्रवास तिच्यावरच होतो. यंदा मार्चमध्ये दारांखालच्या पट्ट्याला, म्हणजे गॅरेजवाले ज्याला रनिंग बोर्ड म्हणतात त्याला, रंगाखाली फुगे दिसू लागले आणि मागच्या सीटपुढची चटई ओलसर राहू लागली. आमच्या घरच्या गाड्या वर्षानुवर्षे ज्या गॅरेजमध्ये जातात तिथेच मी ती दाखवली. मेस्त्रींनी सांगितले की दोन्ही बाजूंचे रनिंग बोर्ड आणि मागच्या फ्लोअरचा थोडा भाग सडला आहे, तो कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागेल, त्यावर प्राइमर आणि रंग, आणि शेवटी खालून पूर्ण अंडरबॉडी कोटिंग. या सगळ्याचे ३८,००० रुपये ठरले. गाडी अकरा दिवस गॅरेजमध्ये होती. परत मिळाली तेव्हा ती बाहेरून अगदी नव्यासारखी दिसत होती, त्यामुळे मी काही विचारले नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अस्नोड्याजवळ टायर पंक्चर झाला. पावसातच मी योग्य जागा पाहून जॅक लावला, पण चाक उचलले जाण्याऐवजी जॅकचे डोकेच रनिंग बोर्डात आत शिरले. कोटिंगसकट पुट्टीचा तळहाताएवढा तुकडा खाली पडला, त्यामागे फायबरची जाळी दिसली आणि आतून गंजाच्या खपल्यांसह पाण्याची धार लागली. नवा पत्रा मला कुठेच दिसला नाही.

मेस्त्रींना फोन केला तेव्हा ते म्हणाले की जुन्या गाडीला गंज येणारच आणि जॅक चुकीच्या जागी लागला असेल. माझ्याजवळ त्यांनी दिलेली एक पावती आहे, तिच्यावर "बॉडी वर्क व कोटिंग" एवढेच लिहिले आहे. ३०,००० रुपये मी यूपीआयने दिले आणि ८,००० रोख. मार्चमध्ये त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर "पत्रा आणला, उद्या वेल्डिंग" असा संदेश पाठवला होता, तो अजून फोनमध्ये आहे.

गाडी लगेच दुसरीकडे नेऊन दुरुस्त करून घ्यावी का? पैसे परत मागण्याचा मला हक्क आहे का? आणखी एक अडचण लिहिते, कारण तीच मला सर्वांत जास्त छळते आहे. मेस्त्री आमच्याच गावचे आहेत, चवथीला त्यांचे आमच्याकडे येणे-जाणे असते, आणि वडिलांचे म्हणणे आहे की एवढ्यासाठी वाकडेपणा घेऊ नये. पण त्यांनी मला फसवले आहे असे मला मनापासून वाटते.


उत्तर (फोंडा)

ताई, मी तेवीस वर्षे गाड्यांच्या बॉडीशॉपमध्ये काम केले, त्यातली शेवटची नऊ वर्षे सुपरवायझर म्हणून. पहिली विनंती अशी की दुरुस्तीची घाई करू नका. आज जे उघडे पडले आहे तोच आपला पुरावा आहे, आणि दुसऱ्या मेस्त्रीने एकदा ग्राइंडर फिरवला की काय होते आणि काय नव्हते हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही. पडलेला पुट्टीचा तुकडा कोरडा करून पिशवीत जपून ठेवा. लिफ्ट असलेल्या एखाद्या गॅरेजमध्ये गाडी उचलून घ्या, मात्र जॅक लावायच्या जागांवर भार न देता, आणि दोन्ही बाजूंचे फोटो व व्हिडिओ काढा. एका तरी फोटोत नंबर प्लेट आणि तो भाग एकत्र दिसला पाहिजे. जी बाजू अजून फुटलेली नाही तिथे फडक्यात गुंडाळलेले साधे लोहचुंबक फिरवून पाहा. पत्र्यावर ते घट्ट बसते. पुट्टीचा थर जाड असेल तर धरत नाही किंवा घसरते. बोटाने ठोकले तर पत्रा खणखणतो आणि पुट्टीचा आवाज बद्द येतो. हेही व्हिडिओत घ्या.

आता हे काम वाईट का आहे ते सांगतो, कारण मेस्त्रींशी बोलताना आपल्याला ते नेमके माहीत असले पाहिजे. रनिंग बोर्ड हा वरवरचा पट्टा नसतो. दोन-तीन पत्रे जोडून केलेली ती एक बंद पेटी असते आणि गाडीच्या सांगाड्याची ताकद बऱ्याच अंशी तिच्यात असते. बाजूने धक्का बसला तर तो तिनेच पेलायचा असतो, आणि पुष्कळ गाड्यांत सीटबेल्टची खालची पकड तिच्याच आसपास बसवलेली असते. या पेटीत पाणी जाणे नेहमीचेच असते, म्हणून ते बाहेर पडावे यासाठी तळाला लहान भोके ठेवलेली असतात. कोटिंग मारणाऱ्याने ती भोके आधी टेपने किंवा बुचांनी झाकून नंतर मोकळी करायची असतात. आपल्या गाडीतून धार लागली याचा अर्थ ती बुजवली गेली. मग पावसाचे पाणी आत साठते आणि पत्रा आतून, नजरेआड सडतो. पॉलिएस्टर पुट्टीत भुकटीचे प्रमाण मोठे असते, ती ओल शोषते आणि गंजाला चिकटून राहत नाही. भोक पडलेल्या पत्र्यावर ती भरणे हे काम नव्हेच.

योग्य पद्धतीत सडलेला पत्रा निरोगी धातू लागेपर्यंत कापतात, मूळ जाडीचा तुकडा वेल्ड करतात, सांध्यांवर जस्तयुक्त प्राइमर आणि सीलर लावतात, आणि रंग झाल्यावर पेटीच्या आत नळीने मेण फवारतात, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने आतला मूळ रंग जळून गेलेला असतो. हे शेवटचे काम आपल्याकडे फार कमी ठिकाणी होते याचे मला वाईट वाटते. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, किनाऱ्याकडे खारी हवा आणि आपल्या भागात खाणपट्ट्यातला लाल चिखल, जो चाकांच्या कमानीत बसून आठवडेच्या आठवडे ओल धरून ठेवतो. इथे हे काम अर्धवट केले तर एक पावसाळाही निघत नाही.

गाडी चालवण्याबद्दल: लिफ्टवर पाहिल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. रोजचा पणजीचा प्रवास तूर्त बसने करा.


उत्तर (म्हापसा)

माझे स्वतःचे छोटे गॅरेज आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो. कृपया मेस्त्रींची वकिली समजू नये.

गंजाच्या कामाचा अंदाज देणे फार कठीण असते. फुगा रुपयाएवढा दिसतो आणि रंग खरवडला की हातभर पत्रा हातात येतो. ठरलेल्या पैशांत ते काम मग बसत नाही, आणि ग्राहकाला फोन करून वाढीव रक्कम सांगण्याचा संकोच पुष्कळ मेस्त्रींना असतो. आपल्या मेस्त्रींचे असेच झाले असण्याची शक्यता मला वाटते. परंतु त्या वेळी फोन करणे हेच त्यांचे कर्तव्य होते. "ताई, ठरल्यापेक्षा जास्त निघाले, एकच बाजू होईल" असे सांगितले असते तर आपण निर्णय घेतला असता.

मी गिऱ्हाईकांना नेहमी सांगतो की जुन्या गाडीला पुन्हा गंज येणार नाही याची हमी मी देत नाही, पण मी मारलेला वेल्ड सुटणार नाही याची देतो. आपणही तक्रार करताना हा फरक सांभाळा. "गंज परत आला" असे लिहिलेत तर मेस्त्री म्हणतील की तो निसर्गाचा दोष. "पत्रा बदलण्याचे ठरले, संदेशात तसे कळवले, पैसे घेतले, पण पत्रा बदललाच नाही" असे लिहा; त्याला निसर्गाचे उत्तर नाही. त्याचबरोबर रंग आणि कोटिंगचे साहित्य खरोखर वापरले गेले असेल तर सगळे ३८,००० मागणे मला पटत नाही. पत्रा आणि वेल्डिंगची रक्कम मागा.


उत्तर (मडगाव)

वरच्या म्हापशाच्या सदस्यांशी मी शेवटच्या मुद्द्यावर सहमत नाही. सडलेल्या पत्र्यावर मारलेला रंग आणि भोके बुजवणारे कोटिंग यांचे मोल शून्यच आहे, उलट त्याने नुकसान वाढले. नव्याने काम करताना ते सगळे खरवडूनच काढावे लागेल. मागणी पूर्ण रकमेची करावी, तडजोड नंतर होऊ शकते.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो, कारण चार वर्षांपूर्वी क्लचच्या एका कामावरून मी स्वतः यातून गेलो आहे. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवा आहे आणि ठरल्याप्रमाणे ती न देणे ही सेवेतील त्रुटी. तपशीलवार बिल मागूनही दिले नाही तर ती या कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते, म्हणून आता लेखी मागा. आपण उत्तर गोव्यात राहता, तेव्हा तक्रार पर्वरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईल. आम्हा दक्षिण गोव्यातल्यांना मडगाव. तक्रारीची मुदत तिचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही, आणि हवाच असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, हे फार थोड्या जणींना ठाऊक असते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी.

पण या सगळ्याच्या आधी स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, एक साधे पत्र पाठवा. काय ठरले, काय निघाले, काय हवे आणि किती दिवसांत, एवढेच. त्यात रागाचा एकही शब्द नको. माझ्या प्रकरणात निकाल लागण्याआधीच गॅरेजने पैसे परत केले आणि त्याचे कारण ते पत्र व त्याला जोडलेले फोटो होते.

एक गोष्ट पुढच्या वेळेसाठी. काम नापसंत असले तरी बिल थकवून गाडी मागू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, वेगळे काही ठरले नसेल तर कारागिराला आपल्या मजुरीसाठी ती वस्तू अडवून ठेवता येते. अशा वेळी बिलावरच "हरकत नोंदवून पैसे देत आहे" असे लिहून, सही करून, त्याचा फोटो घ्यावा.


प्रश्नकर्ती (साखळी)

सर्वांची आभारी आहे. गाडी डिचोलीच्या एका गॅरेजमध्ये लिफ्टवर घेतली. डाव्या बाजूला मागच्या चाकाजवळ साधारण वीतभर नवा पत्रा खरोखर वेल्ड केलेला आहे; बाकी दोन्हीकडे पुट्टी आणि जाळी. पाणी जाण्याच्या भोकांपैकी एकही उघडे नव्हते. तिथल्या कारागिराने हे सगळे लेटरहेडवर लिहून दिले.

पत्र टाकण्याआधी मी आणि वडील ते घेऊन मेस्त्रींच्या घरी गेलो. वडिलांना मी एवढेच म्हटले होते की हे त्यांच्या तोंडावर सांगणे हाच त्यांचा मान ठेवणे आहे. पाठीमागे गावभर बोलत बसले तर ते जास्त वाईट. मेस्त्री फोटो बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले की त्या आठवड्यात टिंकर काम सोडून गेला, मुलाने उरलेले उरकले, आणि त्यांनी स्वतः खाली वाकून पाहिले नाही. आता ते म्हणतात की पुन्हा सगळे फुकट करून देतो. पैसे परत करण्याविषयी मात्र ते गप्प आहेत. हे मान्य करावे का?


उत्तर (फोंडा)

त्यांच्याकडे वेल्डिंग करणारा माणूस आता आहे का, हे आधी विचारा. नसेल तर त्यांचे मन कितीही साफ असले तरी काम पुन्हा त्याच मुलाच्या हाती जाईल. असेल तर मान्य करायला हरकत नाही, परंतु लेखी आणि तीन ठिकाणी आपल्याला बोलावण्याच्या अटीवर: पत्रा कापल्यावर, वेल्ड झाल्यावर प्राइमर लावण्यापूर्वी, आणि कोटिंगपूर्वी. झाकून टाकण्याआधी जे पाहिले तेच पाहिले. २०२७ मध्ये गाडीला पंधरा वर्षे होतील आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती तपासणीला न्यावी लागेल, तेव्हा हे फोटो आपल्याच उपयोगी पडतील. बंद पेटी आतून नीट कोरडी झाल्याशिवाय वेल्डिंग सुरू करू देऊ नका. सप्टेंबर अखेरपर्यंत थांबलेले बरे.


प्रश्नकर्ती (साखळी)

टिंकर नाही, हे त्यांनी स्वतःच कबूल केले. त्यामुळे काम त्यांच्याकडे न करण्याचे ठरले. २६,००० रुपये परत करण्याचे त्यांनी लिहून दिले आहे. त्यातले १३,००० काल यूपीआयने आले, उरलेले चवथीनंतर. रंगाचे साहित्य आणि तो वीतभर पत्रा यांचे पैसे मी सोडले. मडगावच्या सदस्यांना ते आवडणार नाही याची कल्पना आहे, पण मला ते योग्य वाटले. दोन्ही हप्ते येईपर्यंत पत्र, फोटो आणि पुट्टीचा तुकडा जपून ठेवते आहे.

काम ऑक्टोबरमध्ये फोंड्याला करून घेईन. तिथल्या अंदाजपत्रकात कापायच्या पत्र्याची लांबी दोन्ही बाजूंची वेगवेगळी लिहून घेतली आहे, आणि पेटीत मेण फवारण्याची ओळ मी सांगून वाढवून घेतली.