सिंगापूर ते न्यूयॉर्क : अंतर 15,350 किलोमीटर, मग साडेअठरा तास कशाला लागतात?

नकाशावेडा : सिंगापूरच्या चांगी विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे 15,350 किलोमीटर दिलेले आढळते. ताशी 900 किलोमीटर वेग धरला, तर सतरा तास पुरायला हवेत. वेळापत्रकात मात्र साडेअठरा तासांच्या आसपासचा वेळ दिसतो. शिवाय मध्यरात्री निघालेले विमान त्याच तारखेच्या पहाटे पोहोचते, हे कोडे वेगळेच. हे अंतर नेमके कसे मोजतात आणि वेळेचा मेळ कसा घालायचा?

अक्षांश : या जोडीचे अंतर तुम्हाला कागदावरच काढता येईल. चांगी 1.36 अंश उत्तर अक्षांशावर आहे, केनेडी विमानतळ 40.64 अंशांवर, आणि दोहोंच्या रेखांशांत जवळजवळ 178 अंशांचा फरक आहे. म्हणजे दोन्ही ठिकाणे ध्रुवाच्या जवळपास समोरासमोरच्या बाजूंना येतात. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरलात, तर तो उत्तर ध्रुवाला अगदी लगटून जाईल. चांगी ते ध्रुव 88.64 अंश आणि ध्रुव ते न्यूयॉर्क 49.36 अंश, मिळून 138 अंश; एका अंशाला 111.2 किलोमीटर धरले की उत्तर 15,346 येते. भिंतीवरच्या सपाट नकाशात ही वाट दिसतच नाही, कारण तिथे ध्रुव ताणून कडेला नेलेला असतो.

मात्र हे अंतर दोऱ्याचे, विमानाचे नव्हे. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान उच्चस्तरीय वाऱ्यांचा लाभ घेण्यासाठी विमान अनेकदा प्रशांत महासागरावरून लांबची वाट धरते. समजा, वाट 16,500 किलोमीटर झाली, पण पाठीमागून ताशी सरासरी 80 किलोमीटरचा वारा मिळाला, तर जमिनीच्या संदर्भात वेग 980 होतो आणि सतरा तासांच्या आतच काम भागते. गंमत म्हणजे परतीच्या प्रवासातही विमान पुष्कळदा पूर्वेकडेच निघते, या वेळी अटलांटिक आणि युरोपवरून.

धावपट्टी : वेळापत्रकातील वेळ उड्डाणाचा नसतो, विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण, उतरण्यापूर्वीच्या घिरट्या आणि उलट वाऱ्याच्या दिवसासाठी राखलेली थोडी मोकळीक, हे सारे त्यात धरलेले असते.

नकाशावेडा : आणि तारखेचे काय?

अक्षांश : हिवाळ्यात सिंगापूर न्यूयॉर्कच्या 13 तास पुढे असते. रात्री 12 वाजता निघून साडेअठरा तास उडाल्यावर सिंगापुरात संध्याकाळचे 6:30 वाजलेले असतात; त्यातून 13 तास वजा केले की न्यूयॉर्कची पहाट, 5:30. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यूयॉर्कची घड्याळे एक तास पुढे असतात, त्यामुळे त्या काळात 12 तासच वजा करा.